प्रकृतीचा रकाना

सगळा मजला त्यांना टाचणीकाका म्हणायचा. शर्टाच्या खिशाच्या पट्टीवर आठ-दहा टाचण्या ओळीने खोचलेल्या असायच्या. कागद हातात आला की त्यातली एक न बघता उपसायची आणि कोपऱ्यात टोचायची, ही त्यांची सवय. सरकारने स्टेपलर देऊन पंधरा वर्षं झाली होती. काका म्हणायचे, "स्टेपलर चावतो. टाचणी नुसती धरून ठेवते." पहिल्या आठवड्यात हे वाक्य मी चारदा ऐकलं आणि मनात म्हटलं, या माणसासमोर बसून दिवस काढायचे म्हणजे कठीणच आहे. पुढे अकरा वर्षं काढली. आता ते नाहीत, आणि त्यांच्याबद्दल खरं सांगू शकेल अशी मी एकटीच उरले आहे. त्यात वाईट जे आहे त्यातला निम्मा वाटा माझा, हेही आधीच सांगून टाकते.

आमचं ऑफिस परराष्ट्र खात्याचं. तसं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गालिचे आणि मोटारींचा ताफा येतो. ते सगळं खालच्या मजल्यांवर. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. दोन टेबलं, तीन लोखंडी कपाटं, दाराबाहेर एक बाक, आणि खिडकीतून दिसायची ती शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. काका हेडक्लार्क, मी टायपिस्ट. काकांचं अक्षर मोत्यासारखं, पण टाइपरायटर त्यांना जन्मात जमला नाही. एकदा मी रजेवर असताना ते हात लावायला गेले, तर फीत सगळी बाहेर आली आणि काळे हात घेऊन ते दिवसभर कॉरिडॉरमधून फिरत होते. त्या गोष्टीवर मजला वर्षभर हसला.

आमचं काम असं. आपली माणसं पोटासाठी बाहेरच्या देशांत जातात, त्यातली काही तिथल्या तुरुंगात अडकतात. त्यांचे नातेवाईक आमच्याकडे अर्ज घेऊन येतात. बाहेरचे देश पुष्कळ, पण दहातले नऊ अर्ज एकाच देशाबद्दलचे. त्या देशाचं नाव आमच्याकडे कुणी घेत नसे. 'मित्रदेश' म्हणायचं. त्यांच्याकडून जमिनीखालच्या नळातून आपल्याकडे गॅस येतो. थंडीत घरं त्यावर ऊबदार राहतात, इस्पितळांचे बॉयलर त्यावर चालतात. तिथे तीस वर्षं एकाच माणसाचं राज्य. त्याच्या कारभाराबद्दल कुणी ब्र काढला की तो आत जातो, मग तो त्यांचा असो की आपला. आमचं सरकार यावर मूग गिळून गप्प. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं काका म्हणायचे, पण दार लावून.

जाहीर बोलायचं नाही, पण एक गोष्ट केली जायची. वर्षातून एकदा दोन्ही देशांची बैठक व्हायची. आमच्या साहेबांच्या, म्हणजे उपसचिवांच्या निळ्या फाईलमध्ये सगळ्यात शेवटी एक कागद असायचा. त्या कागदावर 'वेळ उरल्यास' असं लिहिलेलं असायचं. गॅसचं, बंदराचं, जकातीचं बोलणं झाल्यावर वेळ उरला, तर साहेब तो कागद हळूच पलीकडे सरकवायचे. ती तुरुंगातल्या आपल्या माणसांची यादी. एकच पान आणि चोवीस नावं, कारण दुसरं पान ते लोक उलटत नाहीत, असा अनुभव. ही यादी टाचणीकाका बनवायचे, सव्वीस वर्षं.

यादीला रकाने सहा. अनुक्रमांक, नाव, वय, काम, अटकेचा महिना, आणि शेवटचा प्रकृतीचा. काकांचा जीव त्या शेवटच्या रकान्यात होता. "नुसतं नाव म्हणजे वारा," ते म्हणायचे. "दात दुखतोय म्हटलं की माणूस दिसतो." नातेवाइकांना ते खोदून खोदून विचारायचे आणि कळलं तेवढंच लिहायचे, तसूभर जास्त नाही. एका वर्षी त्यांनी 'डाव्या डोळ्यात मोतीबिंदू' लिहिलं होतं, आणि तिकडच्या तुरुंगाने खरोखर त्या माणसाचं ऑपरेशन केलं. तेव्हापासून त्या रकान्यावर काकांची भक्तीच बसली.

आणि यादीने माणसं सुटायची, हे कबूल केलं पाहिजे. सव्वीस वर्षांत एक्केचाळीस सुटली. मी नवीन असताना तावातावाने म्हटलं होतं, "हे असं टेबलाखालून कागद सरकवणं म्हणजे लाज आहे. चौकात उभं राहून ओरडायला पाहिजे." काकांनी टाचणी दातात धरली होती, ती काढली. "टायपिस्टबाई, ओरडून तुझा घसा मोकळा होईल. त्यांचं दार नाही उघडणार. आमच्या अक्काच्या फ्लॅटचं कुलूप अडकतं, तेव्हा ती दाराला लाथा मारते. मी हळूच किल्ली हलवतो. कुणाच्या हाताने उघडतं, विचार तिला." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. दोघंच राहायचे. अक्का त्यांना 'सरकारी किल्ली' म्हणून हिणवायची.

मंगळवारच्या बाई आमच्याकडे आल्या त्या अशाच एका अर्जापायी. दर मंगळवारी यायच्या, म्हणून हे नाव पडलं. चष्म्याच्या दुकानात फ्रेममध्ये काचा बसवायचं काम करायच्या, आणि दुकान मंगळवारी बंद. नवरा लिफ्टचा मेकॅनिक, चाळिशीच्या आतला. मित्रदेशात एका उंच इमारतीच्या कामावर गेला होता. तिथे परांचीवरून एक मजूर पडला आणि मेला. ठेकेदाराने प्रेत हलवून मजूर रजेवर गेला असं दाखवलं. या बाबाने फोटो काढला आणि मजुराच्या घरी पाठवला. तो फोटो कुठे कुठे फिरला देव जाणे. महिन्याभरात मेकॅनिक आत.

"प्रकृती कशी आहे त्यांची?" काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"ठणठणीत," बाई म्हणाल्या. "लिफ्ट बंद असली तर बारा मजले जिन्याने चढतात, हातात हत्यारांची पेटी घेऊन. सर्दीसुद्धा होत नाही मेल्याला." आणि मग 'मेल्याला' म्हटलं म्हणून स्वतःच जीभ चावली.

काकांनी रकान्यात 'चांगली' लिहिलं.

तीन वर्षं बाई आल्या. तिन्ही वर्षं नाव यादीत गेलं, उत्तर आलं नाही. बाई रडायच्या वगैरे नाहीत. बाकावर बसायच्या, आत बोलावलं की यायच्या, नवऱ्याचं दोन महिन्यांनी येणारं पत्र वाचून दाखवायच्या. काकांच्या चष्म्याची दांडी कायम ढिली असायची. बाई पर्समधून बारीक पेचकस काढून ती आवळून द्यायच्या आणि दटावायच्या, "काका, दोन्ही हातांनी काढत जा हो चष्मा." काका हो म्हणायचे आणि लगेच एका हाताने काढायचे. मला तर वाटतं मुद्दामच. मंगळवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि मी चिडवलं की रागवायचे. त्यांना मुलगी नव्हती, संसारच नव्हता. असती तर अशी असती, एवढंच काय ते.

चौथ्या वर्षी मित्रदेशाचे थोरले साहेब स्वतः आपल्याकडे यायचे ठरले. पंधरा वर्षांचा गॅसचा करार व्हायचा होता. खालचे मजले धुऊन काढले, जिन्याला नवा रंग लागला. दौऱ्याच्या आठ दिवस आधी आमच्या साहेबांनी काकांना बोलावलं. काका परत आले ते तोंड पाडून.

"यंदा दहाच नावं. चोवीस बघून पाहुणा बिचकेल, म्हणतात. म्हातारे, आजारी आणि बायका. बाकीचे पुढच्या वर्षी."

म्हणजे चौदा माणसं कापायची. ती काकांनी कापली, दोन दिवस लागले. जेवणाचा डबा तसाच परत नेला. चार बायका राहिल्या, तीन म्हातारे राहिले, दोन खरोखरचे आजारी राहिले. नऊ. दहावी जागा मोकळी होती. तिच्यासाठी साठीला टेकलेला एक ड्रायव्हर होता, एक गुडघ्याने अधू सुतार होता. आणि आमचा मेकॅनिक, वय एकोणचाळीस, प्रकृती चांगली. त्याचा नियमाने नंबर लागत नव्हता.

नेमका दुसऱ्या दिवशी मंगळवार. बाई आल्या. त्यांनी पेपरात पाहुण्यांची बातमी वाचली होती. आत येऊन उभ्याच राहिल्या. "काका, नाव आहे ना हो यादीत?"

काका म्हणाले, "आहे."

मी मान वर करून बघितलं. यादी माझ्या मशीनवर चढलेली होती आणि दहावी ओळ कोरी होती. बाई गेल्या. काकांनी दार लावलं. मग माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि इतक्या हळू बोलले की मला मशीन थांबवावं लागलं.

"त्याचं नाव घाल. आणि प्रकृती... 'गंभीर, हृदयविकार' असं घाल."

"काका, तो तर ठणठणीत आहे."

"मला माहीत आहे."

"साहेब विचारतील."

"साहेब कागदाला विचारतील. कागद सांगेल." मग म्हणाले, "सव्वीस वर्षांत एक शब्द खोटा लिहिला नाही गं मी. एकदा चालेल."

मी टाइप केलं. मला वाईट वाटलं नाही. उलट आनंदच झाला, की म्हातारा एकदाचा माणसात आला. शब्द मसुद्यात नव्हता, त्यांनी तोंडी सांगितला आणि बोटं माझी चालली. कुणाचं काय बिघडणार होतं त्यात?

दौरा झाला. वेळ उरला. साहेब स्वतः तिसऱ्या मजल्यावर येऊन सांगून गेले, "काका, यादी दिली. त्यांनी वाचली, अगदी शेवटच्या रकान्यापर्यंत." तीन आठवड्यांनी चार माणसं सुटली. पेपरात फोटो आला. विमानाच्या जिन्यावरून चौघं उतरतायत, हातात फुलं. नावं दिली नव्हती. मंगळवारी बाई तो पेपर घेऊन आल्या, दुकानातलं भिंग बरोबर. माझ्या टेबलावर पेपर पसरून त्यांनी एकेक चेहरा भिंगाखाली धरला, मागे जिन्यात उभा असलेला विमानातला कर्मचारीसुद्धा. मग भिंग पर्समध्ये ठेवलं. "पुढच्या खेपेला," त्या स्वतःच म्हणाल्या, जणू आमचीच समजूत घालायची होती.

चौघं कोण ते काकांनी यादीवर बोट ठेवून बघितलं. तीन बायका आणि काठीसारखा ताठ एक निवृत्त मास्तर. चौघांच्याही शेवटच्या रकान्यात एकच शब्द होता, 'चांगली'. ज्यांच्या रकान्यात काहीही दुखणं होतं, दमा, साखर, मोतीबिंदू, त्यातला एकही सुटला नव्हता.

काकांनी साहेबांना विचारलं तेव्हा ते सहज म्हणाले, "त्यांचा सचिव सांगत होता जेवताना. आजारी माणूस विमानातून उतरताना बरा दिसत नाही हो. लोक म्हणतात, तुरुंगाने ही दशा केली. म्हणून धडधाकट तेवढे पाठवले. बाकीच्यांवर तिकडेच उपचार करू म्हणाले."

काका खोलीत आले आणि खुर्चीत बसले. त्यांच्या हातात टाचणी होती, ती ते बोटात टोचत होते आणि त्यांना कळत नव्हतं. मी ती काढून घेतली.

"'चांगली' लिहून दहात घातला असता तर?" ते म्हणाले.

"साहेबांनी कापला असता."

"मी विचारलं कुठे साहेबांना? नाहीच म्हणतील असं धरून चाललो. एकदा तोंड उघडून विचारायला काय झालं होतं मला?"

त्यांनी दुरुस्ती पाठवायचा प्रयत्न केला. साहेब म्हणाले, "'बरा झाला' असं आपण कसं कळवणार? आपण बघितलंय का त्याला? राहू द्या. पुढच्या वर्षीच्या यादीत सुधारा." पुढचं वर्ष यायचं होतं. काका तोपर्यंत दर मंगळवारी बाईंना म्हणत राहिले, "आहे आहे, नाव आहे."

आठ महिन्यांनी तिकडून एकपानी पत्र आलं. कैदी क्रमांक अमुक दीर्घ आजाराने मरण पावला, तिथेच दफन केलं. खाली एक ओळ होती, ती मला तोंडपाठ आहे. 'आपल्याच सरकारने दिलेल्या यादीत त्याची प्रकृती गंभीर असून त्यास हृदयविकार असल्याची नोंद आहे, ती कृपया पाहावी.' सोबत आमच्या यादीची नक्कल. माझ्या मशीनचा 'र' थोडा वर उडतो, तो तसाच उडालेला.

खालच्या मजल्यावर कुणीतरी म्हणालं, सुंठीवाचून खोकला गेला. सभागृहात विरोधकांनी या मेकॅनिकबद्दल प्रश्न विचारला होता, त्याला हे पत्र आयतंच उत्तर झालं. 'सदर व्यक्ती आजारी असल्याची नोंद आपल्या कार्यालयाकडे आधीपासूनच होती.' ते उत्तरही मीच टाइप केलं. तेव्हा मात्र माझी बोटं दोनदा चुकली.

बाईंना कळवायचं काम काकांचं. त्यांनी कळवलं. आजार हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, पण पत्राची नक्कल बाईंना द्यावीच लागली. पुढच्या मंगळवारी बाई आल्या. मला वाटलं होतं त्या सरकारवर ओरडतील. त्या नवऱ्यावर ओरडत होत्या.

"माझ्यापासून लपवलं त्यांनी. दर पत्रात मी बरा आहे, मी बरा आहे. हृदयाचं दुखणं घेऊन बसले होते आणि मला कळू दिलं नाही. तुम्हाला कळलं काका, सरकारला कळलं, आणि मी बायको असून मला नाही कळलं. मी कसली बायको? एकदा तरी ओळीच्या मधलं वाचायला पाहिजे होतं मी."

असे चार मंगळवार गेले. बाई वाळत चालल्या. चौथ्या मंगळवारी त्या एक पत्र घेऊन आल्या. नवऱ्याचंच, वाटेत अडकून उशिरा आलेलं. मरणाच्या नऊ दिवस आधीची तारीख. त्यात होतं, 'तुरुंगाच्या दवाखान्याची लिफ्ट यांच्या कुणाला जमेना, शेवटी मलाच काढलं बाहेर. चार मजले पेटी घेऊन चढलो, दम लागला नाही. चालू केली. आता सगळे शिपाई मला मेकॅनिकसाहेब म्हणतात.' खाली एक ओळ काळ्या शाईने खोडलेली. बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "बघा. मरायला टेकले तरी मला फसवतायत."

तेव्हा काका उभे राहिले. टेबलाला धरून म्हणाले, "त्यांनी नाही फसवलं. मी फसवलं. तो आजार माझा आहे. माझ्या डोक्यातला. त्यांचा नंबर लागावा म्हणून मी लिहिला."

 बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे ठणठणीत होते."

"हो."

"मग ते मेले कसे?"

 उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि आमच्या खोलीत ते म्हणायची सोय नव्हती. बाई म्हणाल्या, "हे लिहून द्या मला." काकांनी कागद ओढला आणि त्या मोत्याच्या अक्षरात लिहिलं. मेकॅनिकची प्रकृती उत्तम होती. यादीतली नोंद खोटी असून ती मी जाणूनबुजून केली. तो शब्द माझा, आणि टाइपही मीच केला. सही.

शेवटची ओळ मी त्यांच्या खांद्यावरून वाचली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि डोळ्यांनीच गप्प बस म्हटलं. मी गप्प बसले. माझी वीस वर्षांची नोकरी शिल्लक होती.

तो कागद घेऊन काका साहेबांकडे गेले. आमच्याकडे कागदाला आवक क्रमांक पडला की तो जन्मला. मग त्याला उत्तर द्यावंच लागतं. क्रमांक नाही तर तो कागदच नाही. साहेब वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणेन. त्यांनी काकांना बसवलं, पाणी दिलं. मी बाहेरच्या बाकावर होते, दार अर्धवट उघडं.

"काका, हा कागद आत घेतला तर मला तिकडे विचारावं लागेल, धडधाकट माणूस कसा मेला. आणि विचारलं की काय होईल, तुम्हीच सांगा. थंडी दीड महिन्यावर आली. त्यांनी नळ आठ दिवस आवळला तर इस्पितळात किती माणसं मरतील? त्यांचीही नावं लिहा मग एका पानावर. आणि दहातले पाच अजून त्यांच्या हातात आहेत. त्यांचं काय?"

 हे सगळं त्यांनीच मला अकरा वर्षं शिकवलं होतं.

"आणि दुसरं," साहेब कागद परत देत म्हणाले, "टाइप मीच केला म्हणे! तुम्हाला मशीनचं झाकण काढता येत नाही हे अख्खी इमारत जाणते. कागदात एक गोष्ट खोटी ठरली की सगळा कागद खोटा. उद्या ते हेच म्हणतील."

आयुष्यात दोनदा खोटं लिहिलं त्यांनी. दोन्ही वेळा कुणाला तरी वाचवायला.

सहा महिन्यांनी काका निवृत्त झाले. हारतुरे झाले, भाषणं झाली, साहेबांनी त्यांना भारीतला स्टेपलर भेट दिला आणि सगळे हसले. पुढच्या मंगळवारी काका बाईंबरोबर दाराबाहेरच्या बाकावर येऊन बसले. हातात तोच कागद, टाचणीने तिकडच्या पत्राच्या नकलेला जोडलेला. आत त्यांच्या खुर्चीवर आता मी होते. आवक क्रमांकाचा शिक्का माझ्या खणात. दोघं दर मंगळवारी यायचे, कागद पुढे करायचे आणि मी म्हणायचे, "वरून परवानगी नाही." काका मान डोलवायचे. मला ते कधीही काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. जाताना फक्त विचारायचे, "ते पाच कसे आहेत?" आणि मी सांगायचे.

मागच्या थंडीत काका न्यूमोनियाने गेले. अक्काने मला फोन केला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "तुमची किल्ली मोडली गं."  मी गेले होते. शर्टाच्या पट्टीवर टाचण्या तशाच होत्या. त्या काढाव्यात की ठेवाव्यात हे कुणाला सुचेना. शेवटी बाईंनी पुढे होऊन एकेक करून काढल्या आणि रुमालात बांधल्या.

त्यानंतर बाई एकट्याच येतात. म्हणजे यायच्या. तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला, आणि मी नेहमीचं वाक्य म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, "एक विचारू ताई? काकांना टाइप येत नव्हतं ना?"

खिडकीबाहेर टाकीतून पाणी वाहत होतं, कुणीतरी नळ बंद करायला विसरलं होतं. मी तिकडे बघत राहिले.

"तीन वर्षं मी या खोलीत येत होते," बाई म्हणाल्या. "टाइप करताना मी फक्त तुम्हालाच बघितलंय. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला. काकांना वचन दिलं होतं, म्हणून बोलले नाही. आता ते नाहीत."

"मग आजवर तुम्ही माझ्याकडे रागाने का नाही बघितलं?"

"राग करायला वेळ कुठे होता? मला शिक्का पाहिजे होता."

मला त्या क्षणी इस्पितळांचे बॉयलर आठवले, हे खोटं नाही. खणात ठेवलेली पाच नावं आठवली, त्यांच्या बायका, त्यांच्या आया. साहेबांचं म्हणणं चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्या हातून होणाऱ्या गोष्टीने कुणाचा तरी जीव जाईल, आणि तो कुणाचा ते मला कळणारसुद्धा नाही. पण समोर एक बाई बसली होती, जिच्या ठणठणीत नवऱ्याला माझ्या बोटांनी आजारी केलं होतं. त्या आजाराच्या आडोशाने तिकडे त्याला मारलं होतं.

मी कागद ओढला. काकांच्या सहीखाली लिहिलं, 'टाइप मी केला. तो शब्द काकांनी मला तोंडी सांगितला आणि तो खोटा आहे हे मला तेव्हा माहीत होतं.' सही केली, तारीख घातली. खण उघडला. शिक्का मारला आणि क्रमांक लिहिला. शेवटचा आकडा दोनदा गिरवला.

बाईंनी कागद उचलून चष्मा वर केला आणि तो क्रमांक जवळून बघितला.

"आता काय होईल?"

"आता त्यांना विचारावं लागेल."

"ते काय सांगतील?"

"काहीतरी सांगतील. पडला म्हणतील. भांडला म्हणतील."

बाईंनी रुमालातली एक टाचणी काढली, नवऱ्याचं पत्र त्या कागदाला लावलं आणि ते सगळं माझ्याकडे परत दिलं.

"म्हणू देत," त्या म्हणाल्या. "आजारी होते असं मात्र म्हणता येणार नाही."